‘वर्गात तर काहीच प्रॉब्लेम नाही हो’ : मास्किंग करणाऱ्या मुलीचं निदान, सर्टिफिकेट आणि शाळा

मास्किंग म्हणजे ऑटिझम (स्वमग्नता) असलेल्या मुलाने आपली लक्षणं चारचौघांत झाकून बाकीच्यांसारखं वागणं, आणि ही आमच्या मुलीची तशीच गोष्ट आहे. आधी दोन गोष्टी. मुलीचं नाव इथे मनू लिहिलंय, ते तिचं खरं नाव नाही. आणि गावाचं नाव देत नाहीये, उत्तर महाराष्ट्रातलं एक जिल्ह्याचं ठिकाण आहे एवढं पुरे, कारण नाव दिलं की शाळा लगेच कळेल आणि तिथल्या बाईंशी आता आमचं बरं चाललंय. मनूला विचारूनच लिहितेय. तिची अट एकच, रडारडीचं जास्त लिहायचं नाही. त्यामुळे ते थोडक्यात.

जून २०२३ ला मनू चौथीत गेली. मराठी शाळा, सेमी इंग्रजी, साडेदहा ते पाच. पहिलीपासून प्रगतीपुस्तकात ‘शांत, शिस्तप्रिय, अक्षर सुंदर’ असंच लिहून यायचं. आणि घरी काय, तर सव्वापाचला रिक्षावाले काका दारात सोडून गेले की दप्तर तिथेच उंबऱ्यात टाकायचं, मोजे ओरबाडून काढायचे, मोज्यांची शिवण बोटांना टोचते म्हणून किंचाळायचं, धाकटा भाऊ नुसता शेजारी बसून चिवडा खात असला तरी त्याच्या चावण्याच्या आवाजावरून अंगावर धावून जायचं, मग दिवाणाखाली शिरून बसायचं ते सात साडेसात वाजेपर्यंत. त्यानंतर बाहेर येऊन गृहपाठ, तो पण असा की एक अक्षर वाकडं आलं तर कागद फाटेपर्यंत खोडायचं. रविवारी संध्याकाळी हमखास पोटात दुखायचं. शर्टाची कॉलर चावून चावून दोरे निघालेले.

आमच्या घरात यावर प्रत्येकाचं वेगळं मत होतं. सासूबाई म्हणायच्या भूक लागलेली असते, आल्या आल्या जेवायला वाढ. नवरा म्हणायचा मोबाईल बंद करा, जो तिला तसाही मिळतच नव्हता. 

खरं सांगायचं तर आम्ही डॉक्टरकडे गेलो ते यासाठी नाहीच. ऑगस्टमध्ये तिला युरिन इन्फेक्शन झालं, औषधाने बरं झालं, दिवाळीच्या आधी परत झालं. दुसऱ्या वेळी आमच्या बालरोगतज्ज्ञांनी मला बाजूला ठेवून तिलाच विचारलं, शाळेत बाथरूमला किती वेळा जातेस गं? ती म्हणाली, जात नाही. मग पाणी? पाणी पीत नाही, म्हणजे मग जावं लागत नाही. दरवाज्याची कडी नीट लागत नाही, वास येतो, बाहेर मुली दार वाजवतात आणि आत त्याचा आवाज खूप मोठा होतो. साडेसहा तास हे असं, आणि कोणाला कधी सांगितलंही नाही. पाण्याची बाटली रोज भरलेली परत येते हे मला दिसत होतं, मला वाटायचं शाळेत फिल्टरचं पाणी पीत असेल.

डॉक्टरांनी तेव्हा अजून बरंच विचारलं, आवाज, कपडे, जेवणातल्या आवडीनिवडी, लहानपणी बोलायला कधी लागली, मैत्रिणी किती. आणि म्हणाले शाळेत काय म्हणतात ते विचारून या.

शाळेत विचारलं. पहिल्या सत्राच्या पालकसभेत. बाईंनी प्रगतीपुस्तक पुढे केलं आणि म्हणाल्या, अहो मनूची आई, वर्गात तर काहीच प्रॉब्लेम नाही हो, उलट सगळ्या मुली तिच्यासारख्या असत्या तर मला काय पाहिजे होतं. मॉनिटर पण तीच. वर्गातली दोन सगळ्यात मस्तीखोर पोरं आहेत, त्या दोघांच्या मधे मी तिला बसवलंय, तिच्यामुळे ती गप्प बसतात. मग थोडं हसून, घरी जरा लाड जास्त होत असतील. बाई वाईट नाहीत, पन्नासच्या वर पट आहे, जे मूल त्रास देत नाही त्याच्याकडे बघायला वेळ कुठून आणणार. पण मी त्या दिवशी घरी येताना रिक्षात एवढी चिडलेले की उतरायचा स्टॉप गेला.

बालरोगतज्ज्ञांनी पुण्यातल्या एका डेव्हलपमेंटल पिडियाट्रिशियनचं नाव दिलं. नोव्हेंबरमध्ये फोन केला, तारीख मिळाली जानेवारीच्या शेवटच्या आठवड्याची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हे वाढ आणि विकास यातले तज्ज्ञ असतात, साधे बालरोगतज्ज्ञ नाहीत, आणि लहान गावात बहुतेक नसतातच. रिसेप्शनवर कोणी शेवटच्या क्षणी कॅन्सल केलं तर आम्हाला बोलवा असं सांगून ठेवा, आमचं नाही झालं पण एका ओळखीच्यांचं असं महिनाभर आधी काम झालं.

त्या मधल्या काळात वही ठेवायला सांगितली होती. हा भाग सगळ्यात उपयोगी पडला म्हणून नीट सांगते. मोठी निबंधवजा डायरी नको. तारीख, किती वाजता सुरू झालं, त्याच्या आधी काय झालं, किती वेळ चाललं, कशाने थांबलं, त्या दिवशी शाळेत काही वेगळं होतं का (पीटी, परीक्षा, बदली शिक्षक, कोणाचा वाढदिवस). एवढंच, रोज दोन ओळी. आणि सुट्टीचे दिवस पण लिहायचे, तिथेच तर खरी गंमत. दिवाळीच्या सुट्टीचे पहिले तीनचार दिवस शाळेसारखेच गेले, मग किंचाळणं कमी कमी होत थांबलंच, पाण्याच्या बाटल्या रिकाम्या व्हायला लागल्या, भावाबरोबर किल्ला पण केला. आणि शाळा सुरू व्हायच्या आदल्या रात्री पोटदुखी हजर. नवऱ्याने ती पानं सलग वाचली आणि त्या दिवसापासून मोबाईलचा विषय काढला नाही.

क्लिनिकने घरचे व्हिडिओ पण मागितले होते. मनूला विचारलं, ती नाही म्हणाली, मग नाही काढले. वहीवर भागलं.

जानेवारी २०२४. रात्रीच्या बसने पुणे, सकाळी लॉजवर आंघोळ आणि दहाला क्लिनिक. पहिल्या कन्सल्टेशनचे दोन हजार, पुढच्या सगळ्या चाचण्या आणि रिपोर्ट मिळून चौदा हजार, शिवाय बस, लॉज, जेवणं. सरकारी पर्याय आहे, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा पातळीवर डीईआयसी म्हणून केंद्रं असतात आणि तिथे अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी मोफत होते, पैशाची ओढाताण असेल तर आधी तिथे चौकशी करा. आम्हाला डॉक्टरांनी पुण्याला पाठवलं म्हणून आम्ही तिकडे गेलो.

तर पहिलं सेशन. मनू आत गेली आणि आदर्श मुलगी झाली. नमस्कार, स्मितहास्य, प्रश्न विचारला की पूर्ण वाक्यात उत्तर. बाहेर काचेतून बघताना माझ्या पोटात गोळा आला, वाटलं झालं, आता हे पण म्हणणार लाड कमी करा आणि घरी जा. 

दुपारच्या सेशनमध्ये डॉक्टरांनी तिला एक गोष्ट विचारली. गप्पांमध्ये मधेच, की तू मघाशी हसलीस, ते तुला हसू आलं म्हणून की हसायचं असतं म्हणून? मनू बराच वेळ गप्प. मग म्हणाली, तुम्ही हसलात ना, म्हणून. वर्गात पण तसंच करतेस का? हो, वर्गात शेजारची हसली की हसते. आधी नाही हसत, चुकीच्या ठिकाणी होतं. आणि हे सगळं लक्षात कसं राहतं तुझ्या? लिहून ठेवलंय, कच्च्या वहीच्या मागे.

ती वही आम्ही घरी आल्यावर बघितली, तिच्या परवानगीने, आणि फोटो काढून डॉक्टरांना मेल केले. तिने इथे लिहायला काही नियम दिलेत ते असे. बाई ‘कोणाला काही शंका?’ म्हणाल्या की मान नाही म्हणून हलवायची, जास्त जोरात नाही. डब्यात काय आणलंय असं कोणी विचारलं तर सांगून झाल्यावर त्यांना पण विचारायचं. बाईंच्या डोळ्यात बघवत नसेल तर टिकलीकडे बघायचं. खेळात घेतलं नाही तर मला खेळायचंच नव्हतं असं म्हणायचं. रडू आलं तर पेन्सिल पाडायची आणि खाली वाकायचं.

दोन पानं भरून होते. काही खोडून सुधारलेले, म्हणजे करून बघितलं आणि जमलं नाही असे. तिसरीपासून लिहीत होती. मी ते वाचल्यावर बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले. (ही रडारड माझी आहे, त्यामुळे अट मोडत नाही.)

चाचण्यांचं थोडक्यात. एडॉस-२ म्हणजे ऑटिझमसाठीची निरीक्षणाची चाचणी, मग बुद्धिमापनासाठी मालिनची मिसिक आणि दैनंदिन कौशल्यांसाठी व्हीएसएमएस. गंमत म्हणजे या शेवटच्या दोन्ही परदेशी चाचण्या भारतीय मुलांसाठी बसवणारे डॉ. मालिन नागपूरचे, इतकी जवळची गोष्ट आणि मी कधी नावही ऐकलं नव्हतं. मनूला ठोकळ्यांची चाचणी इतकी आवडली की संपल्यावर परत मागत होती. आणि एक फॉर्म शाळेतून भरून आणायचा होता. तो मी बाईंना नेऊन दिला, त्यांनी दोन दिवसांत भरून दिला, जवळजवळ सगळ्या रकान्यांत ‘कधीच नाही’. मी तो फॉर्म घाबरत घाबरत पाठवला. डॉक्टर फोनवर म्हणाले, घरच्या आणि शाळेच्या फॉर्ममधली तफावत हीच मला हवी होती. त्यांनीच सांगितलं की २०१३ ला आलेल्या डीएसएम-५ मध्ये (डॉक्टर निदानासाठी वापरतात ते निकषांचं अमेरिकन पुस्तक) ऑटिझमच्या निकषातच लिहिलंय, लक्षणं लहानपणापासून असतात पण शिकून घेतलेल्या युक्त्यांमुळे ती पुढे झाकली जाऊ शकतात. म्हणजे शाळेत दिसत नाही म्हणून नाहीच, असं कोणी डॉक्टर म्हणत असेल तर दुसरा डॉक्टर बघा.

फेब्रुवारीत रिपोर्ट आला. ऑटिझम, लेव्हल १ (म्हणजे तीन पातळ्यांतली सगळ्यात कमी मदत लागणारी), सोबत अँग्झायटी, बुद्ध्यांक सरासरीच्या वर. रिपोर्ट मिळाल्यावर आधी शिफारशींचं पान वाचा, बाकीचं नंतर. आमच्यात ते पान इंग्रजीत आणि फार मोघम होतं, ‘शाळेने सहकार्य करावे’ टाइप, मी डॉक्टरांना विनंती केली की शाळेसाठी वेगळं पत्र द्या, मुद्दे घालून, काय करायचं ते नेमकं लिहून. त्यांनी दिलं, त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत. मागा, मागितल्याशिवाय देत नाहीत.

घरी सासूबाईंना सांगायला मला सगळ्यात भीती वाटत होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, आमच्या वन्सं अशाच होत्या, लग्नकार्यात चार तास गोड बोलायच्या आणि मग दोन दिवस माळ्यावर जाऊन झोपायच्या, लोक त्यांना नाटकी म्हणायचे. एवढं बोलून त्या कणीक मळायला लागल्या. त्यानंतर संध्याकाळी भावाला चिवडा मागच्या अंगणात देण्याचं काम त्यांनीच घेतलं.

मार्चमध्ये चौथीच्या बाईंना भेटले. शाळा सुटल्यावर, रिकाम्या वर्गात. रिपोर्ट दाखवला तेव्हा त्या जरा ताठरल्या, म्हणाल्या आम्हाला तर तसं कधी वाटलं नाही, चार वर्षांत कोणालाच वाटलं नाही. मी वाद घातला नाही, मनूला विचारून ती दोन पानं झेरॉक्स करून नेली होती, ती पुढे ठेवली. बाई वाचत गेल्या. पेन्सिलच्या ओळीपाशी थांबल्या. म्हणाल्या, अगं ती पेन्सिल फार पाडायची. मी तिला धांदरट म्हणायचे. मग बराच वेळ वर्गात नुसता पंखा ऐकू येत होता. त्यांनी टिकलीला हात लावला, बहुतेक नकळत. आणि मग स्वतःच म्हणाल्या, पाचवीला ती माध्यमिकच्या बिल्डिंगला जाईल, तिथे दर तासाला वेगळे शिक्षक, तिथे आधीच सांगून ठेवायला हवं, मी पण येते तुमच्याबरोबर.

आता सर्टिफिकेटचं. यूडीआयडी, म्हणजे सरकारी दिव्यांग सर्टिफिकेट आणि ओळखपत्र, काढायचं की नाही यावर घरात महिनाभर चर्चा. मुलीची जात, पुढे लग्न, कागदावर दिव्यांग लिहिलेलं, हे सगळं झालं, नातेवाइकांकडून तर जास्तच. आम्ही काढायचं ठरवलं ते तीन कारणांनी. एक, दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये ज्या एकवीस प्रकारांची यादी आहे त्यात ऑटिझम आहे आणि त्याच कायद्याच्या कलम १६ आणि १७ मध्ये शाळेने वाजवी सोयी द्यायच्या, परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या तिसऱ्या भाषेतून सूट वगैरे बदल करायचे असं लिहिलंय. वर्गातल्या सोयींसाठी डॉक्टरांचं पत्र चालून जातं, पण दहावीला बोर्डाच्या सवलतींच्या वेळी सर्टिफिकेटशिवाय धावपळ नको. दोन, दिव्यांगत्व चाळीस टक्के किंवा जास्त असेल तर आयकराच्या जुन्या करप्रणालीत तेव्हाच्या कलम ८०डीडीखाली पंचाहत्तर हजारांची वजावट मिळायची (ऑटिझमसाठी १०-आयए नावाचा फॉर्म लागायचा), थेरपीचा खर्च बघता ते कमी नाही. तीन, केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची निरामय आरोग्य विमा योजना, वर्षाला एक लाखापर्यंत, आणि त्यात थेरपीचा खर्चही काही प्रमाणात बसतो. एक लक्षात घ्या, फक्त एडीएचडी (अतिचंचलता, लक्ष न टिकणं) असेल तर तो या एकवीसच्या यादीत वेगळा नाही, बरेच पालक इथे येऊन अडकतात.

एप्रिलमध्ये यूडीआयडीच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरला. फी काही नाही. आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा, रिपोर्ट स्कॅन करून. फाइल मोठी असेल तर अपलोड होत नाही, सायबरवाल्याकडून आधीच छोटी करून घ्या. अर्जाची प्रिंट काढून ठरलेल्या दिवशी सरकारी दवाखान्यात. सकाळी लवकर जा, केसपेपरची रांग वेगळी, खोलीची वेगळी, आणि तिथला गोंगाट, फिनाईलचा वास, रडणारी बाळं हे सगळं अशा मुलांसाठी भयंकर असतं. आम्ही मनूला कानावर हेडफोन देऊन बाबांबरोबर बाहेर रसवंतीपाशी झाडाखाली बसवलं आणि नंबर आला की फोन करून बोलावलं.

आत पहिल्याच डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं, नाव विचारलं, ती स्पष्ट बोलली. शाळेत किती टक्के? ब्याण्णव. मग माझ्याकडे बघून, अहो मग सर्टिफिकेट कशाला पाहिजे तुम्हाला, ही तर नॉर्मल आहे, डोळ्यात बघून बोलते. (टिकली नव्हती, पुरुष डॉक्टर, चष्म्याच्या दांडीकडे बघत होती, नंतर सांगितलं.) मी शांतपणे एवढंच म्हटलं की इसा करून घ्या ना सर, त्यातून येईल ते येईल. इसा म्हणजे ऑटिझम मोजायची भारतीय मापनपट्टी, सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने तयार केलेली, सर्टिफिकेटसाठी हीच धरतात. चाळीस मुद्दे, प्रत्येकाला एक ते पाच गुण, एकूण सत्तरच्या खाली आले तर ऑटिझम धरत नाहीत, सत्तर ते एकशे सहा सौम्य. मास्किंग करणारं मूल या सत्तरच्या काठावर लटकतं. मानसशास्त्रज्ञांसाठी पुढची तारीख मिळाली, जूनची.

त्या मानसशास्त्रज्ञ बाई मात्र शांत होत्या. तिथे मी जे केलं ते सांगते. मुलासमोर घरच्या गोष्टी सांगायला लागू नका, त्याला अपमान वाटतो आणि ते अजूनच गोड वागायला लागतं, पालकांशी वेगळं बोलायला पाच मिनिटं द्या अशी विनंती करा. वही, शाळेचा फॉर्म, घरचा फॉर्म एकापुढे एक ठेवा. आणि मुलाला ‘तिथे नीट वाग’ असं घरून सांगून नेऊ नका, आपल्या जिभेवर ते येतंच. वाढवून सांगायची गरज नाही, पण ‘तसं बरं आहे हो सगळं’ हे पण म्हणायचं नाही. गुण सत्तरच्या काठावरच आले. सौम्य, चाळीस टक्के, ठरावीक मुदतीचं सर्टिफिकेट, मुदत संपली की परत तपासणी. ऑगस्टमध्ये पोर्टलवरून सर्टिफिकेट डाउनलोड झालं.

शाळेची गोष्ट मात्र सर्टिफिकेटसाठी थांबवली नव्हती. जून २०२४, पाचवी, नवीन बिल्डिंग. शाळा सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात चौथीच्या बाई, मी, नवरा, मुख्याध्यापक सर आणि नवीन वर्गशिक्षिका असे बसलो. अर्ज लेखी नेला होता, दोन प्रती, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतला. सर म्हणाले कशाला एवढं, आपलीच शाळा आहे. मी म्हटलं सर, तुमची बदली झाली तर? हसले आणि शिक्का दिला. शिक्षण विभागाच्या तालुक्यातल्या गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षिका असतात, सर्टिफिकेट नसलं तरी त्या येऊन बोलतात, आमच्याकडे जुलैमध्ये आल्या आणि त्यांचं सरांनी आमच्यापेक्षा जास्त ऐकलं, तर त्यांना जरूर गाठा.

काय चाललं आणि काय नाही. डॉक्टरांच्या पत्रात लाल कार्ड होतं, त्रास झाला की बाकावर ठेवायचं. एकदाही ठेवलं नाही. साहजिक आहे, जी मुलगी रडू लपवायला पेन्सिल पाडते ती सगळ्या वर्गासमोर लाल कार्ड कशी ठेवेल. ‘काही लागलं तर सांग हं’ हे पण बिनकामाचं, कारण ती सांगत नाही हाच तर प्रश्न आहे. चाललं ते हे, की तिने मागायची गरजच पडू नये. बाईंनी रोज साडेअकराला आणि अडीचला तिला हजेरीचं रजिस्टर घेऊन ऑफिसला पाठवायला सुरुवात केली, जाताना शिक्षकांच्या बाथरूमला जायचं, पाणी प्यायचं, ग्रंथालयापाशी पाच मिनिटं बसायचं आणि परत. बाकीच्या पोरांना वाटतं तिला काम दिलंय. ही आयडिया बाईंची, आमच्या कोणाच्या डोक्यात आली नव्हती. त्यानंतर परत इन्फेक्शन झालेलं नाही.

मॉनिटरपद काढून घेतलं, म्हणजे दर आठवड्याला नवीन मॉनिटर अशी पद्धत केली, म्हणजे तिला कमीपणा नको. मस्तीखोर मुलांच्या मधली जागा बदलून भिंतीकडेला दिली. परिपाठाला मागच्या रांगेत, स्पीकरपासून लांब. टाय आणि मोज्यांना सूट, बिनशिवणीचे मोजे आम्ही ऑनलाइन मागवले, महाग आहेत पण एकदा घेतले की दोन वर्षं जातात. ‘समजलं का?’ असं न विचारता ‘यातलं एक करून दाखव’. गृहपाठ निम्मा. आणि स्कॉलरशिपचे जादा तास नाहीत. यावर मात्र ताणाताणी झाली, कारण तेव्हा पाचवीला असलेल्या शिष्यवृत्ती परीक्षेत शाळेला नंबर हवा होता आणि मनू नंबरातली. सर म्हणाले, बुद्धी वाया घालवताय. नवऱ्याने सांगितलं, सर, ती पाच वाजेपर्यंतच कशीबशी टिकते. परीक्षेला बसली नाही.

घरचं पण बदललं. कथ्थक आणि अबॅकस बंद, कथ्थकचं तिला वाईट वाटेल असं वाटलेलं, ती म्हणाली थँक्यू. शाळेतून आल्यावर तासभर कोणी एक प्रश्न विचारायचा नाही, आज काय झालं, डबा संपवला का, काहीच नाही. कुरमुरे, झोपाळा, पंख्याचा आवाज, झालं. गावात ऑक्युपेशनल थेरपी (आवाज, स्पर्श, रोजची कामं झेपावीत म्हणून) मिळाली, सेशनला सातशे, आठवड्यातून एकदा. त्याआधी एका ठिकाणी जात होतो तिथे डोळ्यात बघायचा सराव आणि ‘योग्य वेळी हसणे’ याची वर्कशीट होती. ती सोडली. जे ती तिसरीपासून फुकटात करून दमलीये ते पैसे देऊन अजून पक्कं कशाला करून घ्यायचं, हे माझं मत, बाकी ज्याचं त्याने बघावं.

सप्टेंबरमध्ये दुपारी वर्गशिक्षिकेचा फोन. घाबरलेल्या. मनू वर्गात रडली, चक्क बाकावर डोकं ठेवून मोठ्याने, गणिताच्या तासाला बाजूच्या वर्गाचा ढोलाचा सराव चालू होता म्हणून, आणि म्हणाली मला सहन होत नाहीये. असं कधी केलं नव्हतं हो तिने, बिघडत तर नाहीये ना? मला फोनवर हसूच आलं, म्हणजे आनंदाने. मी म्हटलं, बाई, घरी रोज व्हायचं ते आज तुमच्यासमोर झालं, तुमच्यावर विश्वास बसलाय तिचा. त्यावर त्या जरा वेळ काही बोलल्या नाहीत आणि मग म्हणाल्या, बरं मग मी तिला आता लिंबू सरबत देऊ का. त्या संध्याकाळी दिवाण रिकामा होता.

सगळं सुरळीत झालं असं नाही. गॅदरिंगच्या आधीचे दोन आठवडे वाईट गेले. एप्रिल २०२५ च्या वार्षिक परीक्षेला तासाला वीस मिनिटं जादा वेळ मंजूर होता, तिने एकाही पेपरला घेतला नाही, सगळ्यांबरोबर पेपर दिला, कारण एकटीने बसून राहिलं की सगळे बघतात. यंदा तिला वेगळ्या खोलीत, अजून एकदोन मुलांबरोबर बसवता येईल का ते विचारलंय.

आता सहावी. बहुतेक विषयांचे शिक्षक बदलले, म्हणून मे महिन्यात एक पानाचा कागद केला, मराठीत, मोठ्या अक्षरात, आजार वगैरे शब्द न वापरता नुसतं काय करायचं ते. मनूने वाचून दोन ओळी काढल्या आणि एक घातली, ‘मी हो म्हटलं तरी एकदा परत विचारा, पण सगळ्यांसमोर नको.’ कागद सगळ्या शिक्षकांना दिलाय. मराठीच्या सरांनी वाचला आणि वर्गात फळ्याजवळचा बाक दिला, जो तिला नको होता, पण वाचला तरी. विज्ञानाच्या मॅडम म्हणाल्या, हिच्यात तर मला काहीच वेगळं दिसत नाही. त्यांच्याकडे घटक चाचणीनंतर परत जायचंय, वही घेऊन.